गन शोमधले गांधीजी: तो फलक, आपला शस्त्र कायदा आणि बदल नेमका कशाने होतो

माळरान

मी डॅलसजवळ राहते. शेजारचे आजोबा गेल्या वर्षी आजी गेल्यापासून एकटेच असतात. गेल्या महिन्यात त्यांनी फार आग्रह केला म्हणून त्यांच्यासोबत आयुष्यात पहिल्यांदा गन शोला गेले. जत्रेच्या मैदानावरचा मोठा पत्र्याचा हॉल. आत टेबलांच्या रांगा, त्यांवर रायफली, पिस्तुलं, काडतुसांची खोकी, सुरे, जुने लष्करी कोट. प्रत्येक बंदुकीत प्लॅस्टिकची पट्टी ओवून आवळलेली, तिथल्या तिथे कोणी ती चालवू नये म्हणून. लोक मुलाबाळांना घेऊन आलेले. एका टेबलामागे कापडी फलक होता. त्यावर गोल चष्म्यातले गांधीजी आणि खाली वाक्य: ब्रिटिश राजवटीच्या अनेक दुष्कृत्यांमध्ये एका अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणारा कायदा हे सर्वांत काळं दुष्कृत्य आहे, असं इतिहास म्हणेल.

मी थबकलेच. वाटलं, कोणीतरी त्यांच्या तोंडी घातलेलं असणार. घरी येऊन ‘सत्याचे प्रयोग’ काढलं. वाक्य खरं आहे. पाचव्या भागात सैन्यभरतीचं प्रकरण आहे, त्यात.

साल १९१८. खेडा जिल्ह्यात शेतसाऱ्याचा सत्याग्रह नुकताच संपलेला, आणि त्याच गावांतून गांधीजी वल्लभभाईंना घेऊन पहिल्या महायुद्धासाठी माणसं भरती करत फिरत होते. सत्याग्रहाच्या वेळी ज्या लोकांनी बैलगाड्या फुकट दिल्या, त्यांच्याकडे आता भाड्यानेही गाडी मिळेना. हे वाक्य त्या भरतीच्या पत्रकातलं आहे, आणि त्याच्या पुढचा मजकूर फलकावर नव्हता. पुढे ते म्हणतात, हा कायदा रद्द व्हायला हवा असेल, शस्त्र चालवायला शिकायचं असेल, तर ही सोन्यासारखी संधी आहे. मध्यमवर्गाने संकटाच्या वेळी सरकारला मदत केली तर अविश्वास दूर होईल आणि बंदी उठेल. तसं काही झालं नाही. गांधीजी स्वतः आमांशाने अंथरुणाला खिळले. युद्ध संपलं, आणि १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झालं.

तो १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनांना सूट. माणसाची पायरी त्यावरून ठरत होती. या अपमानाची चीड मला पूर्ण समजते. पण बंदूक हातात आली की माणूस स्वतंत्र होतो, हे त्यातून कसं निघतं ते मला कळत नाही. मला वाटतं सत्ता हलते ती गर्दीने, असहकाराने, लोकांनी काम थांबवल्याने. तुमचे अनुभव, तुमचं वाचन सांगा. विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा, मला ते खरोखर ऐकायचं आहे.

दवबिंदू

माळरान, फार चांगला विषय. मी न्यू जर्सीत असते. माझी मुलगी पहिलीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाली, आई, मला आज कपाटात बसायला जागा मिळाली. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्या लॉकडाउनची रंगीत तालीम होती. दिवे बंद, दाराला कडी, सगळ्यांनी भिंतीला चिकटून गप्प बसायचं. तिचे चालताना दिवे लागणारे बूट मी त्याच आठवड्यात फेकून दिले. तिला कारण सांगितलं नाही.

सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात १४ डिसेंबर २०१२ ला वीस मुलं गेली, पहिलीतली, सहा-सात वर्षांची. युव्हाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ ला एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनमध्ये १९९६ च्या मार्चमध्ये सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, तेव्हा ब्रिटनने खाजगी हँडगन जवळजवळ संपवूनच टाकल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला पस्तीस माणसं मेली आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. इथे युव्हाल्डीनंतर एक छोटासा कायदा झाला, एवढंच. स्वातंत्र्य, इतिहास, घटना, सगळं मान्य. पण पहिलीतल्या मुलीच्या बुटांचा विचार मला का करावा लागतो?

ताठकणा

दवबिंदू ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मलाही दोन मुलं आहेत. तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे. ह्यूस्टनला एकोणीस वर्षं झाली, घरात दोन पिस्तुलं आहेत. दोन्ही तिजोरीत.

अमेरिकेच्या घटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ च्या ब्रूएन निकालाने तो घराबाहेरही नेला. पण मला पटलेला मुद्दा या निकालांतला नाही. अमेरिकेत शस्त्रबंदी आधी कोणावर आली ते बघा. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी काय म्हणतात? काळ्या माणसाला नागरिक मानलं तर त्याला कुठेही शस्त्र घेऊन जाण्याचा हक्क मिळेल, म्हणून ते मानता येत नाही! १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने काळ्या लोकांची कत्तल केली, त्यातल्या कितीतरी जणांना शरण आल्यावर मारलं. १८७६ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालय म्हणालं, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. मग या लोकांनी दाद मागायची कुठे? १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, आणि गव्हर्नर रेगन यांनी भरलेल्या बंदुका रस्त्यावर नेण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमरीतल्या घरावर ३० जानेवारी १९५६ ला बाँब टाकला गेला. त्यांनी बंदुकीचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. माळरान, तुमच्या गांधीजींच्या तक्रारीत आणि यात मला काही फरक दिसत नाही.

एक व्यावहारिक माहिती, कारण इथले बरेच जण विचारतात: एच-वन-बी व्हिसावर असाल तर एरवी बंदूक विकत घेता येत नाही, वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे. मित्राच्या सांगण्यावरून काही करू नका, आधी वकिलाला विचारा.

कलम_एकोणीस

धाग्याचा विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. मी पुण्यात वकिली करते.

शस्त्राचा हक्क आपल्याकडेही घटनेत येता येता राहिला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९३१ च्या मार्चमध्ये कराचीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी होऊन आठवडाही झाला नव्हता. अध्यक्ष वल्लभभाई. तिथे मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असं कलम होतं. गांधीजी तिथे हजर होते.

मग १९४८ चा डिसेंबर. संविधान सभेत आजच्या एकोणिसाव्या कलमावर चर्चा चालू होती. हरी विष्णू कामथ यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क यात घाला. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर मी माझ्या ज्युनिअर मुलांना नेहमी वाचायला लावते. त्यांचं म्हणणं असं की काँग्रेसने तेव्हा हा आग्रह धरला त्याला कारण होतं. ब्रिटिशांनी शस्त्र नाकारलं ते शांतता-सुव्यवस्थेसाठी नाकारलं नव्हतं. गुलाम प्रजेने परक्या सरकारवर शस्त्र उचलू नये म्हणून नाकारलं होतं. ती परिस्थिती आता उरलेली नाही. आणि कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घ्यायला मोकळा असेल, तर राज्याने कारभार चालवायचा कसा? कामथांची दुरुस्ती फेटाळली गेली.

ज्या कलमात शस्त्राचा हक्क येणार होता, त्याच कलमात आज सभेचा हक्क आहे, आणि तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा आहे. मी माझं टोपणनाव त्यावरूनच घेतलं.

बाबासाहेबांनी हे सोयीसाठी म्हटलं असं कोणाला वाटत असेल तर महाड आठवा. २० मार्च १९२७, चवदार तळं. लोक पाणी पिऊन परतले आणि देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. जेवणाच्या पंक्ती उधळल्या, माती कालवली. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेली माणसं होती, लढाया पाहिलेली. ती उलटून तुटून पडायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं.

ताठकणा, म्हणून तुमचा ‘शस्त्रबंदी आधी दुबळ्यांवर येते’ हा मुद्दा मी खोडून काढणार नाही, तो बाबासाहेबांनाही मान्यच होता. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय वेगळा होता. आपल्याला मत मिळालं, न्यायालय मिळालं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर ते म्हणाले की घटनेचे मार्ग खुले असताना रक्तरंजित क्रांतीच काय, सत्याग्रहही सोडा. सत्याग्रहाबद्दलचं त्यांचं हे म्हणणं मला स्वतःला आजही जड जातं.

आणि स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडे नाही असं कोणी समजू नका. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्यासाठीच आहेत. बंदूक मात्र १९५९ च्या कायद्याखाली परवान्यानेच. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

कातळकडा

मी कायद्यातलं जाणत नाही, पण घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून लिहितो. सिंधुदुर्गातला आहे. एकनळी, ठासणीची. आधी आजोबांच्या नावावर, मग बाबांच्या, आता माझ्या. परवाना शेतीसंरक्षणाचा.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू सोडायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं. मग छरे, परत बोळा, परत ठासायचं. मागे केप बसवायची. पावसाळी हवेने दारू सर्द झाली की बार फुकट. एक बार काढला की पुढचा भरेपर्यंत कळप बांध ओलांडून गेलेला असतो. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमचा बार बहुतेक वेळा आवाजापुरताच. त्या आवाजाने चार रात्री शेत राखलं जातं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. भात लोंब्यांनी वाकलेलं, आठ-दहा दिवसांत कापणी. नेमका तेव्हा निरोप, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. ठाणं आमच्या वाडीपासून बावीस किलोमीटर. बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने गेलो, पावती घेतली, आलो. रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत राहिलो. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पावसाची सर आली म्हणून मांगरात गेलो, तेवढ्यात डुकरं उतरली. सकाळी पाहिलं तर खालचे तीन कुणगे चटईसारखे झोपलेले. नुसतं खात नाहीत ती, लोळतात. मतदान २० नोव्हेंबरला झालं, बंदूक हातात आली डिसेंबरमध्ये.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, समितीने एकेक प्रकरण बघून ठरवावं, असं उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे म्हणतात. आमच्यापर्यंत ते दरवेळी पोहोचत नाही. एका बाजूला बीडमध्ये बघा, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला (तो काही बंदुकीने झाला नव्हता), आणि मग जिल्ह्यातले परवाने मोजले तर बाराशेच्या वर निघाले. तिथे कोणती डुकरं होती?

पण माझ्या बंदुकीच्या बाजूने लिहितोय तर हेही लिहायला हवं. शेजारच्या वाडीतले दोघे जण रात्री रानात गेले होते. झुडूप हललं म्हणून एकाने बार काढला. मागे मित्र होता. बत्तीस वर्षांचा. ज्याच्या हातून झालं तो माणूस त्यानंतर गावात कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. मी बंदूक माळ्यावर वेगळी आणि दारू-केपा खालच्या पेटीत ठेवतो, ते तेव्हापासून.

सकाळची_फेरी

मी शनिवार पेठेत राहतो. ओंकारेश्वराच्या पुलावरून रोज सकाळी फिरायला जातो. २० ऑगस्ट २०१३ ला नरेंद्र दाभोलकर याच पुलावर पडले. तेही फिरायलाच निघाले होते. पानसरे कोल्हापुरात सकाळी बायकोबरोबर फिरून येत होते, फेब्रुवारी २०१५. कलबुर्गींना धारवाडमध्ये घराच्या दारात मारलं, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. गौरी लंकेश यांना बंगळुरूत, सप्टेंबर २०१७.

यांतल्या एकाकडेही बंदूक नव्हती. दाभोलकरांनी पोलीस संरक्षणही घेतलं नव्हतं. आणि जो जादूटोणाविरोधी कायदा ते अठरा वर्षं मागत होते, त्याचा अध्यादेश त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत निघाला. बंदुकीने कायदा थांबला नाही हे खरं. पण आमचा माणूस गेला तो गेला. पुलावर आजही मला पावलं हळू पडताना जाणवतात.

पाणंद

सातारा-सांगलीकडचा माणूस या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. आमच्या आजीचं माहेर कुंडलच्या बाजूचं. पत्री सरकारच्या काळात ती दहा-बारा वर्षांची होती. तिच्या घरी रात्री भूमिगत लोक जेवायला यायचे. भाकरी थापताना तिच्या आईने तिला बजावलं होतं, उद्या कोणी विचारलं किती भाकरी केल्या तर चारच सांगायच्या.

आता, प्रतिसरकारकडे हत्यारं होती. हे लपवण्यात अर्थ नाही. तुफान सेना होती, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून पैसा काढला, पुढच्या वर्षी चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. गोव्यातून बंदुका आणल्या. गद्दारांना आणि गुंडांना शिक्षा केल्या, त्या काही कोमल नव्हत्या. पण नाना पाटलांवर बक्षीस असताना ते सापडले नाहीत, आणि ते थेट १९४६ मध्ये स्वतः उघड झाले. एवढ्या वर्षांत गावोगावच्या किती घरांना माहीत असेल ते कुठे आहेत! बक्षिसासाठी तोंड कोणी उघडलं नाही. आजीच्या आईच्या हातात हत्यार नव्हतं. भाकरी होत्या आणि तिला खोटं बोलता येत होतं.

म्हणून माळरान ताई, तुमचं ‘गर्दीने सत्ता हलते’ हे मला पटतं, पण ‘शांततेने की हिंसेने’ अशी सरळ उभी रेघ मला आमच्या भागात मारता येत नाही. चापेकरांचं घ्या, २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता. प्लेगच्या नावाखाली घराघरात शिरणाऱ्या रँडला त्यांनी मारलं. ते फासावर गेले, आमच्याकडे अजून त्यांचं नाव आदराने घेतात, मीही घेतो. पण प्लेग राहिला, इंग्रज राहिला.

ताठकणा

पाणंद, मनापासून लिहिलंत. मग मी गोव्याचं विचारतो. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही कितीतरी होते. पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या, वीसहून जास्त लोक मेले. गोवा मोकळा झाला १९६१ च्या डिसेंबरमध्ये, लष्कर आत गेल्यावर. समोरच्याला लाज नसेल, त्याच्या देशात वर्तमानपत्रं मोकळी नसतील, तर सत्याग्रहाचं काय होतं?

माळरान

ताठकणा, गोव्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती, त्या गोळीबारावर लिस्बनमध्ये कोणी मोर्चा काढू शकत नव्हतं. तिथे सत्याग्रह अपुरा पडला, हे मान्य करते.

पण किंग यांची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. फलकावरच्या गांधीजींसारखंच झालं. परवाना नाकारला गेला हे खरं. पुढे काही दिवसांनी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कोरेटांनी रात्री बसून विचार केला आणि घरात होती ती बंदूकही नको असं ठरवलं. ते स्वतःच हे लिहून गेले आहेत. माँटगोमरीत काळ्या लोकांना वेगळं बसवणाऱ्या बसवर बहिष्कार घातला तो वर्षभर चालला. कामवाल्या बाया मैलोन्‌मैल पायी गेल्या. बसचं उत्पन्न आटलं आणि न्यायालयात खटलाही जिंकला. ही दोन्ही हत्यारं गरिबाला झेपतात.

पुढे लुइझियानात १९६४ पासून डीकन्स फॉर डिफेन्स होते, काळे कामगार आणि माजी सैनिक. रात्री बंदुका घेऊन चळवळीतल्या लोकांची घरं राखायचे. त्यांच्यामुळे कोणाकोणाचे जीव वाचले असतील. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पहारा आणि लढा हे वेगळं धरलं तर मला त्यांचं कळतं.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन या संशोधकांनी १९०० ते २००६ मधली ३२३ आंदोलनं मोजली. शांततेची निम्म्याहून जास्त यशस्वी झाली होती, शस्त्रांची साधारण चारात एक. मोजणीच्या पद्धतीवर वाद आहेत. कारण मात्र साधं आहे: म्हातारी माणसं, बाया, शाळेतली मुलं मोर्चात येऊ शकतात. रायफल घेऊन जंगलात किती जण जाणार?

आणि एक आकडा, तो मला झोपू देत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. गन शोमध्ये जुलमी सरकार, चोर, दरोडेखोर यांच्याबद्दल दिवसभर ऐकलं. याबद्दल एक शब्द नाही.

रानवाट

रायफल घेऊन जंगलात किती जण जातात, याचं उत्तर आमच्या जिल्ह्याकडे आहे. मी गडचिरोलीत बारा वर्षं ग्रामसभांसोबत काम करतो.

२००९ साल. ऑगस्टमध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर. देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. ऑक्टोबरमध्ये भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात सतरा पोलीस मारले गेले. एकच जिल्हा, एकच वर्ष, आणि दोन्हींच्या मुळाशी तेच जंगल.

मेंढ्याचं काम कसं चालतं ते मी जवळून बघितलंय. बैठक सुरू होते ती कधी संपेल सांगता येत नाही. बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत लागतं. एक म्हातारी ‘नाही’ म्हणाली तर विषय पुढच्या बैठकीला. बाहेरच्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली, पण त्या घोषणेमागे कागद आहेत. अभ्यासगट कायदा वाचतो, नकाशे काढतो, अर्ज करतो, परत करतो. हक्क मिळाल्यावरही वनखातं बांबूच्या वाहतुकीचा पास देईना. २०११ मध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. झाड म्हणून ज्याची तोड बेकायदा ठरायची, तो बांबू गावाने स्वतः विकला.

बंदुकीवाल्यांनी चाळीस वर्षांत काहीच दिलं नाही असं इथला माणूस म्हणणार नाही. तेंदूपत्त्याचा भाव त्यांच्या धाकाने वाढला, वनरक्षकाची दांडगाई कमी झाली, हे जुने लोक सांगतात. पण त्यांच्या हातात बंदूक असल्यामुळे गावात जो कोणी प्रश्न विचारेल त्याला एका बाजूने खबऱ्या म्हणायचे, दुसऱ्या बाजूने नक्षलवादी. रात्री दार वाजलं की घरातलं मूल आवाज न करता रडायला शिकलं. अशा गावात बैठकच होऊ शकत नाही, एकमत लांबच राहिलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भूपती हा त्यांचा मोठा नेता सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला. टीव्हीवर त्या रायफलींची रांग दिसली, तेव्हा आमच्या कार्यालयात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रत्येकाला आपापल्या गावातलं कोणी ना कोणी आठवत होतं.

दवबिंदू

रानवाट, आवाज न करता रडायला शिकलेलं मूल... कपाटात बसलेली माझी मुलगी आठवली.

ताठकणा

आत्महत्यांच्या आकड्यावर लिहायला मला दोन दिवस लागले. माळरान, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि आमच्या बाजूचे लोक याबद्दल बोलत नाहीत हेही खरं आहे. माझ्या नेमबाजीच्या रेंजवरचा एक मित्र, पन्नाशीचा, नोकरी गेली होती, घटस्फोट चालू होता. आम्हाला सगळं माहीत होतं. दर शनिवारी आम्ही त्याच्यासोबत नेम धरत होतो. त्याच्या घरात सात बंदुका होत्या, तेही माहीत होतं. काही दिवस माझ्याकडे ठेव, एवढं एक वाक्य आमच्यातल्या कोणीही म्हटलं नाही. त्याला अपमान वाटेल म्हणून.

आता आमच्या रेंजवर आम्ही आठ जणांनी ठरवलंय. कोणाचं काही बिनसलं तर तिजोरीची चावी दुसऱ्याने मागायची. दोनदा मागितली गेली. दोघांनीही दिली. माझं मत बदललेलं नाही, बंदूक बाळगण्याचा हक्क मला हवाच. पण या विषयात माझ्या लोकांची चूक झाली आहे.

कलम_एकोणीस

ताठकणा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

कातळकडा, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केला आहे. पुढच्या निवडणुकीची घोषणा होण्याआधीच छाननी समितीकडे अर्ज देऊन ठेवा. परवान्याची प्रत, सातबारा, आणि त्या नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर तोही जोडा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मी मसुदा करून देते. वाडीतल्या बाकीच्यांचेही एकदमच द्या, एकट्याचा अर्ज मागे पडतो.

कातळकडा

वकीलताई, संदेश मिळाला. वाडीत अकरा परवाने आहेत. रविवारी सगळ्यांना देवळात बोलावलंय. पंचनामा फक्त माझा नि आणखी एकाचा आहे, बाकीच्यांनी केलाच नव्हता. फोटो आहेत, ते चालतील का?

कलम_एकोणीस

चालतील. तारखेसकट जोडा.

माळरान

काल संध्याकाळी शेजारच्या आजोबांकडे गेले होते. त्या प्रकरणाचं पूर्ण पान आणि संविधान सभेतली ती चर्चा, दोन्ही इंग्रजीतून छापून नेलं होतं. त्यांनी अंगणात बसून चष्मा लावून सावकाश वाचलं. मग विचारलं, ‘म्हणजे त्यांनी सैन्यात माणसं दिली, आणि बंदुका परत मिळाल्या का?’ मी म्हटलं, नाही. तो कायदा इंग्रज गेल्यावरही बारा वर्षं तसाच होता, १९५९ ला नवीन आला. ते म्हणाले, ‘बघ, मी म्हणतो तेच. सरकारच्या भरवशावर राहू नये.’ मी म्हटलं, पण इंग्रज गेले ना. यावर आमचं बरंच वेळ चाललं. कोणीच हटलं नाही. त्यांना बाबासाहेबांबद्दल आणखी वाचायचं आहे, ते मी शोधून देणार आहे.

निघताना मी ताठकणा यांच्या मित्राची गोष्ट त्यांना सांगितली. नाव-गाव काही न सांगता, जेवढी इथे लिहिलीय तेवढीच. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चुकलं आपलं, सांगायला नको होती. फाटकापर्यंत आले होते मी, तेव्हा त्यांनी हाक मारली. आत जाऊन येतो म्हणाले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हातात एक चावी होती, आजींच्या जुन्या कीचेनमध्ये अडकवलेली. म्हणाले, ‘थँक्सगिव्हिंगपर्यंत ठेव.’

चावी देवघराच्या खणात ठेवली आहे. आज सकाळी त्यांना पोहे नेऊन दिले.